तीन हाका

"जमुनामावशीचा निरोप हाये, भाऊ," जमुनाबाईच्या खात्यातली आरती म्हणाली.

सकाळचे सात वाजायला चार मिनिटं होती. सूतगिरणीच्या गेटवर पहिल्या पाळीची रांग भिंतीवरच्या यंत्रापुढून सरकत होती. यंत्राला चेहरा पटला की हिरवा दिवा लागे आणि आतून एक बाई 'धन्यवाद' म्हणे. या बाईला आमच्यापैकी कोणी कधी पाहिलं नव्हतं, पण तरणी पोरं तिला वहिनी म्हणत. मी बाजूच्या टेबलापाशी बसलो होतो.

"निरोप चालत नाही," मी म्हणालो.

"ते मले मालूम हाये. पण तिनं सांगितलं, मी सांगून राहिली. तिच्या घरच्यायले, काकाले, लकवा मारला. काल सांजच्याले नागपूरले नेलं त्याईले."

"मंग तिले म्हण, मेसेज टाक. नोंदवलेल्या नंबरवरून."

"तो फोन काकाच्याच हातात होता नं, भाऊ. इहिरीवरची मोटर चालू करता करता पडले ते. फोन गेला इहिरीत. मले तिनं दवाखान्यातल्या कोन्या बाईच्या फोनवरून लावला."

मागून कोणीतरी "चाल वो बाई, लाल दिवा लागन आता" म्हणून ओरडलं. आरतीने यंत्रापुढे तोंड केलं, वहिनी धन्यवाद म्हणाली, आरती आत गेली. मी समोरच्या तक्त्यात जमुनाबाईच्या नावापुढे 'गैरहजर' लिहिलं आणि त्याच्यापुढे 'सूचना नाही' असं लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

अक्षराचं मुद्दाम सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. माझं नाव खुशालराव. अमरावतीहून नागपूरकडे जाताना रस्त्याला लागून ही गिरणी आहे आणि तिथे मी एकतीस वर्षं हजेरीबाबू आहे. या एकतीस वर्षांत मला माझ्या अक्षराशिवाय दुसरं काही कौतुकाचं मिळालं नाही. मस्टरची पानं पाहून मोठमोठे तपासनीस मान डोलवून गेले. कोणाचं लग्न असलं की पत्रिकेचा मजकूर माझ्याकडून लिहून नेत. माणसाला एखादी गोष्ट चांगली येते तेव्हा ती करायला मिळावी म्हणून तो काय वाट्टेल ते करतो. हे मला आता कळतं आहे, आणि आता कळून काही उपयोग नाही.

यंत्र यायच्या आधी हजेरी तोंडी होती. तिवसा, मोझरी, नांदगाव पेठ, चहूकडून माणसं यायची, कोणी एसटीने, कोणी सायकलने. सात वाजले की मी मस्टर उघडून नावं पुकारायचो. एका नावाला तीन हाका. पहिलीला उत्तर आलं नाही तर दुसरी, मग जरा थांबून तिसरी. तिसऱ्या हाकेपर्यंत रांगेतून कोणीतरी बोलायचंच. "येऊन राहिला बाबूजी, सायकल पंचर झाली," नाहीतर "येत नाही, पोरगं तापलं तिचं." येऊन राहिला असेल तर मी नावापुढे पेन्सिलीने एक ठिपका ठेवायचो आणि जागा राखायचो. येत नसेल तर गेटबाहेर कडुलिंबाखाली उभ्या असलेल्या बदलीवाल्यांतला एक आत सोडायचो. बदलीवाले म्हणजे ज्यांचं नाव पटावर नाही असे. कायमवाला कोणी आला नाही तर त्या दिवसापुरतं त्यांना काम. पाळी सुटायच्या वेळी मी ठिपके पुसायचो आणि जे खरं असेल ते शाईने लिहायचो. गिरणी इतकी वर्षं अशी निरोपांवर चालली.

निरोपांत खोटे निरोप असायचेच. या बाबतीत नत्थुजी आमचा महामेरू. सुताने भरलेल्या बाबिणी यंत्रावरून काढायच्या कामावर होता. त्याची सासू तीन वेळा मेली. तिसऱ्यांदा मेली त्याच्या पंधराव्या दिवशी ती स्वतः गेटवर आली आणि "आमचे जावाई अथीच असतात का?" म्हणून मलाच विचारू लागली. मी हसलो, पण मनात ते राहिलं. आपल्याला रोज सकाळी चार माणसं उल्लू बनवतात आणि आपण त्यांच्या नावापुढे सुरेख ठिपके काढतो, हे मला लागत होतं.

मागच्या वर्षी गिरणी नव्या मालकाकडे गेली आणि किशोर साहेब मॅनेजर म्हणून आले. इचलकरंजीकडचे, पस्तिशीचे, कोणाशी आवाज चढवून न बोलणारे. जूनमध्ये त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला. एकतीस वर्षांत मॅनेजरच्या केबिनमध्ये मी खुर्चीवर बसण्याची ती पहिलीच वेळ.

"खुशालराव, हजेरीचे आणि गैरहजेरीचे नियम करायचे आहेत," ते म्हणाले. "मी कच्चे मुद्दे काढलेत. पण लोक कसे दांड्या मारतात हे तुमच्याइतकं कोणालाच माहीत नाही. तुम्ही लिहून काढा. तुमच्या अक्षरात लावू गेटवर."

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? घरी येताना मी कोरा फुलस्केप घेऊन आलो आणि चार संध्याकाळी बसून अठरा नियम लिहिले. प्रत्येक नियम लिहिताना एकेक चेहरा डोळ्यापुढे यायचा आणि त्याची पळवाट मी बुजवायचो. सातव्या नियमात साहेबांचं एकच वाक्य होतं : गैरहजेरीची सूचना कामगाराने स्वतः, कार्यालयात नोंदवलेल्या मोबाइल क्रमांकावरून संदेश पाठवून द्यावी. त्याच्या पुढे मी माझं लिहिलं : दुसऱ्या कोणाहीकरवी पाठवलेला तोंडी निरोप ही सूचना समजली जाणार नाही. आणि आठवा : सूचनेशिवाय सलग चार पाळ्या गैरहजर राहिल्यास कामगाराचे नाव कायम पटावरून कमी करून बदली यादीत घेतले जाईल.

बायकोला वाचून दाखवलं. शालू हातातलं काम बाजूला ठेवून नुसती ऐकत बसली होती. म्हणून तिचं बोलणं जास्त लागलं.

"आत्याबाई गेल्या तवा तुमी काय केलं होतं?" तिने विचारलं. "नत्थुजीच्याच हाती निरोप धाडला होता नं? सायकल दामटत गेला होता तो भर उन्हात."

"तवाचा काळ येगळा होता."

"काळ येगळा होता का तुमची माय येगळी होती?"

मी कागद गोळा केले. बायकांना नियमातलं कळत नाही, असं तेव्हा मला वाटलं.

जुलैच्या एक तारखेला शेडमध्ये सगळ्यांना जमवून मी नियम मोठ्याने वाचले आणि एकेकाची सही घेतली. जमुनाबाई सहीला आली. रिंग खात्यात ती एकोणीस वर्षं तुटलेले धागे जोडत होती. दोन लांबच लांब यंत्रांच्या मधून दिवसभर चालायचं, तुटला धागा दिसला की बोटांनी सांधायचा. तिच्या गल्लीत धागा लोंबताना कोणी पाहिला नाही. तिची गैरहजेरी मला तोंडपाठ होती, कारण ती होतीच इतकी थोडी. पोरीचं लग्न, सासू गेली ते, आणि एकदा पुरात नाला उतरेना म्हणून. तिन्ही वेळी निरोप आला होता आणि तो खरा होता.

"म्हंजे निरोप बंद, भाऊ?" तिने विचारलं.

"बंद."

"मंग नंबर आमच्या घरच्यायचा टाका. माह्याजवळ फोन नाही."

नियमाप्रमाणे नंबर स्वतःचा पाहिजे होता. पण जमुनाबाई म्हणून मी सूट दिली आणि तिच्या नवऱ्याचा, वामनरावांचा, नंबर माझ्या हाताने टाकला. तिला सूट दिल्याचं मला तेव्हा मोठं समाधान वाटलं होतं.

तिचा माझ्यावर जीव होता, भावावर असतो तसा. वामनराव दोन एकरांत झेंडू लावायचे. दरवर्षी खंडेनवमीला यंत्रांची पूजा व्हायची तेव्हा ती घरच्या फुलांच्या दोन माळा आणायची. एक तिच्या यंत्राला. दुसरी माझ्या मस्टरला. पहिल्या वर्षी मी विचारलं, वहीला काहून माळ? तर म्हणाली, "यंत्रायची पूजा होते, मंग ज्याच्यात आमी सारे हावो त्याची काहून नाही?"

जुलैत सर्वांत आधी नत्थुजीचं नाव गेलं. सगळी गिरणी हसली, मीही हसलो. मग आणखी तिघांची गेली. मी प्रत्येक नाव पटावरून पट्टी लावून, सरळ रेघ मारून काढलं. चौघांतल्या एकाने येऊन हात जोडले, तर मी त्याला भिंतीवरचा कागद दाखवला. श्रावण लागला आणि वामनराव विहिरीवर पडले.

पहिल्या निरोपाच्या दुसऱ्या दिवशी आरती पुन्हा टेबलापाशी थांबली. "निरोप हाये."

"आरती, रोज रोज काहून सांगून राहिली तू? चालत नाही म्हटलं नं."

"तिनं शपत घातली. म्हणे, भाऊले सांगजो. भाऊ पाहून घेतीन."

तिसऱ्या दिवशी तिने एवढंच सांगितलं, "शुद्धीवर आले काका. उजवा हात हालत नाही." मी मान खाली घालून तक्ता भरत राहिलो. मनात एक बेत होता. पेन्सिलीचा ठिपका ठेवावा. पण ठिपका कुठे ठेवणार? गेटवरच्या लाल-हिरव्या दिव्यांत मधला दिवा नव्हता. संध्याकाळी यंत्रातलं सगळं आपोआप मालकाच्या ऑफिसात जायचं.

चौथ्या दिवशी सकाळी आरती बोललीच नाही. नुसती माझ्यापुढे येऊन उभी राहिली, बघत राहिली आणि आत गेली. मी उठून केबिनमध्ये गेलो.

"साहेब, जमुनाबाईची आज चौथी पाळी आहे. पण निरोप आला होता तिचा. तीन दिवस रोज. नवऱ्याला लकवा झालाय, फोन विहिरीत पडलाय. खरं आहे सगळं."

"मला ठाऊक आहे," किशोर साहेब म्हणाले. "सुपरवायझर बोलला काल." त्यांनी कपाटातून नियमांची फाइल काढली आणि माझ्यापुढे उघडली. "सातवा वाचा."

"पाठ आहे मला."

"तरी वाचा, खुशालराव."

मी वाचला. माझंच अक्षर, माझीच वेलांटी.

"पहिलं वाक्य माझं," ते म्हणाले. "दुसरं तुमचं. मी तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, इतकं कडक हवं का? तुम्ही म्हणालात, साहेब, तुम्हाला ही माणसं माहीत नाहीत."

म्हणालो होतो खरा.

"तुम्ही मला एवढंच लिहून द्या, की हे वाक्य चुकलं. मी आजच काढतो. वर काय सांगायचं ते मी सांगेन. पण मग त्या चौघांनाही परत घ्यावं लागेल. एकीसाठी चुकीचा आणि चौघांसाठी बरोबर, असा नियम मला वर दाखवता येणार नाही." त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

पेन माझ्या खिशात होतं. नुसती एक ओळ लिहायची होती. लोकांना वाटेल की मी भ्यायलो, निवृत्तीला अकरा महिने राहिलेत म्हणून भ्यायलो. भ्यायलो तर होतोच, पण ते नंतर. आधी डोळ्यापुढे आला तो नत्थुजी. गेटमधून पुन्हा आत येताना, दात काढत, "काहून बाबूजी, मोडला का तुमचा नियम?" म्हणणारा नत्थुजी. त्याच्या त्या हसण्यापायी मी जमुनाबाईचं नाव सोडलं. एवढी छोटी गोष्ट होती.

"नियम बरोबर आहे, साहेब," मी म्हणालो. "मी नुसतं कानावर घातलं."

साहेबांनी कागद परत ओढून घेतला. त्या माणसाने मला दार उघडून दिलं होतं. त्याला दोष देण्याची सोयही मला उरली नाही. टेबलावर परत येऊन मी पट्टी घेतली आणि रेघ मारली.

जमुनाबाई सातव्या दिवशी आली. वामनरावांना घरी आणून, शेजारच्या पोरीला त्यांच्यापाशी बसवून, तिवश्याहून पहाटेची एसटी धरून. ती रांगेत यंत्रापुढे आली आणि लाल दिवा लागला. 'नोंद नाही,' वहिनी म्हणाली. जमुनाबाईला वाटलं, आपला चेहरा नीट दिसला नसेल. तिने पदराने तोंड पुसलं, कपाळावरचे केस मागे केले आणि पुन्हा उभी राहिली. पुन्हा लाल. मग तिने चष्मा काढला. रांगेतलं कोणी ओरडलं नाही, कोणी घाई केली नाही. सगळ्यांना माहीत होतं, एकटीला सोडून.

"जमुनाबाई, इकडे या," मी म्हणालो.

ती आली. तिच्या हातात डब्याची पिशवी होती.

"भाऊ, हे मले वळखून नाही राहिलं."

"नाव कमी झालं तुमचं. चार पाळ्या झाल्या."

"मी निरोप धाडला होता नं. रोज धाडला."

"आला होता."

"मंग?"

"निरोप चालत नाही. तुमी सही केली होती, जमुनाबाई."

ती भिंतीवरच्या कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत होतं, सातवीपर्यंत शिकली होती ती. सातव्या नियमाशी तिची नजर थांबली असावी, मला नक्की सांगता येणार नाही.

"हो, केली होती सही," ती हळूच म्हणाली. "मले वाटलं, ते नत्थुजीसारख्यायसाठी हाये."

मलाही तसंच वाटलं होतं. पण हे मी तिला म्हणालो नाही. ती रडली असती, भांडली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिने पिशवी दुसऱ्या हातात घेतली, गेटबाहेर गेली आणि कडुलिंबाखाली बदलीवाल्यांत जाऊन उभी राहिली. त्यांनी सरकून तिला सावलीत जागा करून दिली.

बदलीवाल्यांचे चेहरे यंत्रात घातलेले नव्हते. त्यांची यादी अजून माझ्याकडे होती, कागदावर, आणि नावं मीच पुकारायचो. माझं म्हणून तेवढंच काम उरलं होतं. मी यादी नव्याने लिहिली आणि जमुनाबाईचं नाव सर्वांत वर घातलं. नियमात त्याला मनाई नव्हती. वाटलं, वर नाव असलं की रोज काम मिळेल, कायम आणि बदली यात फरक तो काय राहिला?

पण माझा नियम फारच छान बसला होता. निरोप बंद झाल्यापासून लोक तापात येऊ लागले, पाय मुरगळला तरी लंगडत येऊ लागले. एक बाई घरात मयत झाकून ठेवून पाळी करून गेली. गैरहजर राहायला कोणी धजेना. मग बदलीवाल्यांना जागा कुठून मिळणार? पहिल्या आठवड्यात जमुनाबाई एक दिवस आत गेली. दुसऱ्या आठवड्यात एकही नाही. रोज पहाटे ती नवऱ्याचं सगळं उरकून, दुसऱ्याच्या भरवशावर त्यांना टाकून यायची, साडेसातपर्यंत झाडाखाली उभी राहायची आणि परतीची एसटी धरायची. मी तिचं नाव पुकारायचो, ती "हजर" म्हणायची, आणि मी म्हणायचो, "आज जागा नाही." एकदा मी तिला चहा विचारला. ती म्हणाली, "नोको भाऊ, गाडी जाईन."

किशोर साहेबांनी गैरहजेरी निम्म्याहून खाली आल्याचा तक्ता मालकांना पाठवला. माझं अभिनंदन झालं. पुष्पगुच्छ मिळाला, तो घरी नेला. शालूने तो घरात घेतला नाही, ओट्यावरच सुकला.

पोळा झाला. त्यानंतर जमुनाबाई झाडाखाली दिसली नाही.

पहिल्या दिवशी मी एक हाक मारली, उत्तर आलं नाही. दुसरी मारली. थोडं थांबून तिसरी. मग खालचं नाव घेतलं. वाटलं, वामनरावांची तब्येत असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीन. बदलीवाल्यांना तीन हाका मारायची पद्धत कधीच नव्हती, त्यांना एकच हाक. पण तिच्या नावाशी मी थांबायचो. हाक मारल्यावर रस्त्याकडे पाहायचो, तिवश्याची गाडी येते आहे का म्हणून. झाडाखालची माणसं गप्प उभी राहायची, कोणी पायाने माती उकरायचं. मला वाटायचं, तिचा नंबर वर ठेवल्याचा त्यांना राग असेल.

एक दिवस मी तिच्या नावापुढे 'गैरहजर' लिहायला गेलो आणि ध्यानात आलं, की बदलीच्या यादीत तो रकानाच नाही. बदलीवाला गैरहजर नसतो. गैरहजर राहायला आधी जागा असावी लागते. एकोणीस वर्षांत जी तीनदा आली नव्हती, ते तिन्ही दिवस माझ्या मस्टरमध्ये लिहिलेले आहेत. आता ती येत नव्हती आणि ते कुठेही लागत नव्हतं. त्या सकाळी मला फार वाईट वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी मी तीन हाका मारल्या. रोज मारत राहिलो. एवढं तरी आपण तिच्यासाठी करतो आहोत, असं वाटायचं.

खंडेनवमी आली. साहेबांनी अमरावतीच्या बाजारातून माळा मागवल्या आणि एक मोठी माळ हजेरीच्या यंत्राला घातली. ती नेमकी त्याच्या डोळ्यावर आली. वहिनी कोणालाच ओळखेना, दहा मिनिटं सगळ्या गिरणीला 'नोंद नाही, नोंद नाही' म्हणत राहिली. लोक पोट धरून हसले. माझ्या टेबलावर मस्टर नव्हतंच, त्यामुळे माळेचा प्रश्न नव्हता. प्रसाद वाटताना आरती समोर आली, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"यंदा जमुनाबाईच्या वावरात झेंडू नाही झाला का?"

"वावर दुसऱ्याले वाह्याले देलं तिनं," आरती म्हणाली. "ती काकाले घेऊन भावाकडे गेली, धामणगावले. तथी भावाच्या भाजीच्या दुकानावर बसते म्हणे. महिना होऊन गेला."

"महिना?"

"तान्ह्या पोळ्याच्या दिवशीच गेली."

प्रसादाचा द्रोण माझ्या हातात तसाच राहिला. "आणि मले कोणी सांगितलं नाही?"

"तिनं निरोप धाडला होता तुमाले."

"कोणाजवळ?"

"माह्याजवळ. झाडाखालच्या साऱ्यायसमोर सांगितलं तिनं. म्हणे, खुशालभाऊले सांगजो, मी आता येत नाही. त्याईले म्हणा, माह्या नावाची हाक नोका मारू. आशेनं थांबतात ते, बाकीच्यायचा खोळंबा होते."

"मंग तू काहून नाही सांगितलं, बाई?"

आरतीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरंच समजावून सांगत असावी तशी ती म्हणाली,

"तुमी निरोप घेत नाही नं, भाऊ."

महिनाभर मी रोज तीन हाका मारत होतो आणि झाडाखालच्या प्रत्येकाला ठाऊक होतं की ती येणार नाही. रस्त्याकडे पाहत मी थांबायचो तेव्हा ते माझी वाट पाहायचे, माझं आटपायची. त्यांतल्या एकानेही तोंड उघडलं नाही. मी लावलेली शिस्त त्यांनी पाळली. घरी गेल्यावर शालूला हे सांगावं म्हणून मी दोनदा सुरुवात केली, पण पुढे गेलो नाही. तिचं उत्तर तिने जूनमध्येच दिलं होतं.

दसऱ्याची सुट्टी होऊन गिरणी पुन्हा सुरू झाली. सात वाजता यंत्राने आपलं काम केलं. त्या दिवशी रिंग खात्यात एक जागा रिकामी होती, पुष्कळ दिवसांनी. कडुलिंबाखाली सात-आठ माणसं उभी होती. मी यादी घेऊन गेटबाहेर गेलो. पहिलं नाव तेच होतं. खोडायचं म्हणून पट्टी आणली होती, ती खिशातच राहिली.

"जमुना वामनराव," मी हाक मारली.

कोणी बोललं नाही. रस्त्यावरून तिवश्याची गाडी येऊन थांबली, दोघं-तिघं उतरले आणि गाडी निघून गेली. मी त्या बाजूला पाहिलं नाही.

"येत नाही ती," मीच म्हणालो. "निरोप आहे."

आणि मी दुसरं नाव वाचलं.